जळणाच्या खोलीत सहा पिल्लं. तयारी काहीच नाही, मदत हवी आहे

अंगण_वाई | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

श्रावणात एक कुत्री आमच्या पडवीत येऊन बसली आणि तिथलीच झाली. भुरा रंग, चणीने लहान, एक कान दुमडलेला. भुरी म्हणू लागलो. दिवाळीनंतर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं होतं. दिवाळी झाली, शेतावरची कामं निघाली, ते राहून गेलं. पंधरवड्यापूर्वी पोट सुटलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, घरचं खाऊन अंगावर आलंय. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "भाद्रपदात दाराशी किती कुत्री जमायची आठवतंय ना? मोज आता दिवस." मी मोजले नाहीत.

काल दिवसभर तिने तोंडाला काही लावलं नाही. रात्री जळणाच्या खोलीत गोणपाटं उकरत होती. पहाटे साडेचारला कुईकुई ऐकू आली. बॅटरी घेऊन गेले तर सहा पिल्लं. पाच तिच्या पोटाशी चिकटलीत. सहावं सगळ्यांत बारीक, हातभर लांब उघड्या फरशीवर पडलंय. बोट लावलं तर गार, पण हलतंय.

सासूबाई म्हणतात हात लावू नको, माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते. मुलगा म्हणतो गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजू. इथे सकाळी चांगलीच थंडी आहे. काय करू? कोणी जागं असेल तर लगेच सांगा.

---

खिल्लार | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

ताई, मी पशुवैद्य आहे. आधी एवढंच वाचा: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. कुठलंही नाही. अंग गार असताना त्याचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. आधी ऊब. पिल्लू उचला, कोरड्या फडक्याने हलकं चोळा आणि कपड्यांच्या आत छातीशी धरा. तासभर तरी. हेअर ड्रायर नको, शेगडीजवळ नको, एकदम तापवायचं नाही. तोंडात करंगळी घातल्यावर आतून ऊब लागली आणि ते चोखायला लागलं, की आईच्या मागच्या आचळाला लावा. मागच्या आचळांना दूध जास्त असतं.

पहिल्या २४ तासांतला चीक त्याला मिळालाच पाहिजे. रोगांशी लढायची ताकद त्याच्या रक्तात जाते ती त्यातून, नंतर आतडं ती घेत नाही. म्हणून ऊब आणि चीक, याच क्रमाने. बाकीचं तासाभराने लिहितो.

---

माजघर | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

अंगणताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की आमच्या गावच्या घरी पंचवीस-तीस वर्षांत किती कुत्र्या व्यायल्या असतील, हात लावला म्हणून एकीनेही पिल्लू टाकलं नाही. ओळखीच्या माणसाचा हात तिला चालतो. अनोळखी चार माणसं डोकावली तर मात्र ती बिथरते, पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. तेव्हा आळीतल्या पोरांना पहिले आठ दिवस दाराशी येऊ देऊ नका. घरातल्या एकाच माणसाने आत जायचं. आत जाताना तिच्याशी बोलत जायचं, तिला आधी हात हुंगू द्यायचा, मग पिल्लाला हात.

---

खिल्लार | २८ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

आता सविस्तर.

जागा: वारा न येणारा कोपरा. फरशीवर गोणपाट, त्यावर जुनी चादर. लोकरीचे सुटे धागे नकोत, पायांत अडकतात. पहिले दोनेक आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आसपास साधारण ३० अंश ऊब हवी. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लांना सरकता येईल. शांत आणि एकमेकांना चिकटून झोपली असतील तर ठीक. एका ढिगात घुसून किंचाळत असतील तर गार लागतंय. लांब लांब पसरून धापत असतील तर गरम होतंय.

दूध: गाईचं नको. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, साखर कमी. गाईच्या दुधाने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. आईला दूध असेल तर बाहेरचं काहीच लागत नाही. पाजायची वेळ आलीच तर दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. पिल्लू पालथंच ठेवून पाजायचं. बाळासारखं उताणं कधीही नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, रोज सकाळी सहाही पिल्लं तोला आणि वहीत लिहा. देशी पिल्लू जन्मताना दोनशे ते तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालेल, पुढे रोज वाढलंच पाहिजे. आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. वाढ थांबली तर त्याच दिवशी मला सांगा. पिल्लू आजारी दिसायच्या आधी काटा सांगतो.

आणि भुरी. तिने पिल्लांमागून पडलेली वार खाल्ली असेल तर घाबरू नका. हिरवट-काळसर स्राव काही दिवस जातो. त्याला घाण वास आला, ताप आला, ती पिल्लांपासून उठून जायला लागली, तर दवाखाना. पोटात अजून पिल्लू आहे का तेही बघा. ती अर्धा तास जोर करतेय आणि काही बाहेर येत नाहीये, असं दिसलं तर थांबू नका.

---

अंगण_वाई | २८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

डॉक्टर, माजघरताई, कसे आभार मानू.

मी अंघोळीला पाणी तापवत होते तोवर सासूबाईंनीच पिल्लू उचललं. हात लावू नको म्हणणाऱ्या त्या! नऊवारीच्या पदरात गुंडाळून चोळीत धरलं आणि चुलीपासून लांब पाटावर बसून राहिल्या. मधे मधे करंगळी लावून बघायच्या. सव्वा तासाने म्हणाल्या, "चोखतंय गं." मी भुरीच्या मागच्या आचळाला लावलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा धरलं. त्याच्या मागच्या पायांनी जोर लावून पोट ढकलायची हालचाल सुरू झाली तेव्हा आम्ही दोघीही रडलो.

वजन: २८०, २७०, २६५, २६०, २४०, आणि हे १९० ग्रॅम. तीन नर, तीन माद्या. बारीक आहे ती मादी.

सासूबाईंनी भुरीसाठी गुळाचा शिरा केलाय, तूप घालून, वर बेदाणे. द्यायचा ना?

---

खिल्लार | २८ नोव्हेंबर, दुपारी १:२०

बेदाणे काढा! द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. शिरा थोडा द्या, तूप कमी. बाळंतीण कुत्रीला शिरा घालायची आपली रीत मायेची आहे, पण नुसत्या रव्या-गुळावर सहा पिल्लांचं दूध होत नाही. उकडलेली अंडी, भात आणि कोंबडीचं बिनकांद्या-लसणाचं पाणी, मांस, घरात चालत नसेल तर अंडी, पनीर आणि चांगलं पिल्लांचं तयार खाद्य. दिवसातून चार वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागेल. पाण्याचं भांडं तिच्या तोंडापाशी, कारण ती पिल्लं सोडून उठणार नाही.

---

ताम्हण | २९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. माझ्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी अशीच पिल्लं झाली. वर्षात आठ-नऊ कुत्री फिरायला लागली. रात्री गाडीमागे धावतात. मुलीला खाली सोडायला भीती वाटते. शेवटी काही लोकांनी पिल्लं पोत्यात घालून मंडईमागे नेऊन सोडली. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काय करायचं तेही कोणी सांगितलं नाही. सहा पिल्लांची पुढची सहा कुत्री होतात, त्याचं काय?

---

नदीकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताम्हण, तुमची भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळायला हवं.

आधी पोत्याबद्दल. पाळलेलं जनावर असं उपाशी-तहानेलं मरेल अशा जागी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत: नसबंदी आणि लस देऊन कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. त्यामागे कारण आहे. एका आळीतली कुत्री नेली की महिन्याभरात शेजारच्या आळीतली, लस नसलेली कुत्री तिथे येतात, कारण उकिरडा तिथेच असतो.

मी आमच्या पेठेत सात वर्षं हे काम करतेय. गाडीमागे धावणं, रात्रीची भांडणं सगळ्यांत जास्त कधी? कुत्री माजावर आली की आणि ती पिल्लांजवळ असली की. पेठेतल्या अकरा माद्यांची ऑपरेशन्स झाली तेव्हा दोन्ही गोष्टी थांबल्या. तेव्हा तुमच्या सोसायटीत उरलेल्या माद्या किती ते मोजा आणि नगरपालिकेला किंवा महापालिकेला लेखी अर्ज द्या. अर्जावर पोच घ्या. तोंडी तक्रारीला किंमत नाही.

लहान मुलीसाठी: कुत्र्याचा, अगदी दोन महिन्यांच्या पिल्लाचाही दात किंवा नख लागलं, रक्त आलं नाही तरी ओरखडा दिसला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. सरकारी दवाखान्यात त्वचेत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. एकही डोस चुकवू नका. "पिल्लूच तर आहे" म्हणून लोक सोडून देतात, ते चूक आहे. रेबीजची लक्षणं दिसली की इलाज नाही.

---

अंगण_वाई | ३ डिसेंबर, सकाळी ८:५०

आज लिहायला जड जातंय. सगळ्यांत थोराड नर गेला. काल त्याचं वजन ४२० होतं. पहाटे बघितलं तर भुरीच्या पाठीखाली, भिंतीच्या कोपऱ्यात दबलेला होता. १९० वाली जगेल की नाही म्हणून आम्ही तिच्याकडे बघत राहिलो आणि गेला तो धडधाकट.

---

खिल्लार | ३ डिसेंबर, सकाळी ९:१५

ताई, वाईट झालं. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. भिंतीपासून चार बोटं आत, जमिनीपासून चार बोटं वर बांबू किंवा पाइप आडवा बांधून घ्या. आई भिंतीला टेकली तरी मागे पिल्लापुरती फट राहते. आजच करा.

---

अंगण_वाई | १७ डिसेंबर, रात्री ११:४०

डॉक्टर, कोणीतरी बघा प्लीज. भुरी संध्याकाळपासून अस्वस्थ आहे. धापा टाकतेय, लाळ गळतेय, पिल्लांजवळ जात नाही. आता मागचे पाय ताठ पडताहेत, चालताना लाकडी खेळण्यासारखी चालतेय आणि अंगभर थरथर सुरू आहे. थंडी म्हणून पांघरूण घातलं तर अंग भट्टीसारखं तापलंय. सकाळी दवाखाना उघडेल तोवर थांबू का?

---

खिल्लार | १७ डिसेंबर, रात्री ११:४६

थांबू नका. आत्ता निघा. तिच्या रक्तातलं कॅल्शियम पडलंय, सगळं दुधात गेलं. सकाळपर्यंत झटके येऊन जीव जाईल. पांघरूण काढा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. पिल्लं घरीच ठेवा, तिच्याजवळ नकोत. तालुक्याच्या पशुवैद्यकांना फोन करा, "व्यालेल्या कुत्रीला एकोणीस दिवस झालेत आणि आकडी येतेय" एवढं म्हणा, ते समजतील. नाही उचलला तर १९६२ हा नंबर लावा, ती पशुवैद्यांच्या फिरत्या पथकाची सेवा मुख्यतः गुरांसाठी आहे पण जवळचा डॉक्टर कळू शकतो. मी जागा आहे.

---

अंगण_वाई | १८ डिसेंबर, पहाटे ४:२०

वाचली.

दोन फोन वाजून वाजून बंद झाले. तिसऱ्या डॉक्टरांनी उचलला, म्हणाले घरीच घेऊन या. नवऱ्याने तिला मोटरसायकलवर मधे धरलं, मी मागे. रस्त्यात एकदा पूर्ण ताठ झाली. डॉक्टरांनी त्यांच्या ओसरीवरच टेबल टाकलं होतं. पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावली. एका हाताने सिरिंज अगदी थेंबाथेंबाने ढकलत होते, कानाला नळी लावून तिची छाती ऐकत होते. म्हणाले, कॅल्शियम घाईने गेलं तर हृदय थांबतं. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग तिचा जबडा सैल झाला, मग पाय. अर्ध्या तासाने तिने मान उचलून नवऱ्याचा हात चाटला.

एक दिवस तरी पिल्लांना तिच्याजवळ सोडायचं नाही, असं सांगितलंय. पावडर त्यांच्याकडूनच आणली. सासूबाई आणि मुलगा दर तीन-चार तासांनी पाजताहेत, पालथं धरून. बारकी सगळ्यांत आधी बाटली शिकली.

माझी चूक कळली. पहिला आठवडा सगळं नीट दिलं, मग पिल्लांकडे लक्ष गेलं आणि भुरीला पोळी-दूध, कधी भात. ती मागायची नाही, मीही विचारलं नाही. रोज सकाळी पाच वजनं वहीत लिहीत होते, तिचं एकदाही नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कोणी हा धागा शोधत येईल तेव्हा त्याचं सगळं लक्ष त्या बारक्या डोळे मिटलेल्या गोळ्यांकडे असेल. आईच्या बरगड्या मोजा. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या दिसायला लागल्या होत्या आणि मला वाटलं, व्याली आहे, होणारच.

---

खिल्लार | १८ डिसेंबर, सकाळी ७:३०

ज्यांनी रात्री एक वाजता दार उघडलं त्या डॉक्टरांना माझा नमस्कार. एक गोष्ट बाकीच्यांसाठी: हे वाचून गाभण कुत्रीला आधीपासून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका. बाहेरून आयतं मिळालं की शरीर स्वतःच्या हाडांतून काढायचं विसरतं आणि ऐन दुधाच्या वेळी धोका उलट वाढतो. गाभणपणी चांगलं खाणं, व्याल्यावर डॉक्टरांना विचारून औषध.

आता पिल्लांचं. डोळे उघडले असतील. जंताचं औषध दिलं का? जंत आईच्या पोटातूनच येतात. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात, वजनाप्रमाणे, आईलाही सोबत. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. तोवर रस्त्यावर उतरवू नका आणि येणाऱ्यांच्या चपला बाहेर. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

---

अंगण_वाई | १२ जानेवारी, दुपारी ३:३०

पाचही पिल्लं बादलीत मावत नाहीत आता. जळणाची खोली सोडून अंगणभर. पहिली लस झाली. घरं बघायला सुरुवात केली आणि एक गोष्ट फार लागतेय. फोन येतात, पहिला प्रश्न: नर आहे का? दोन्ही नरांना आठ-आठ माणसं तयार. तीन माद्यांना कोणी नाही. एकाने तर सांगितलं, मादी फुकट दिली तरी नको, वर्षाला दोनदा घाण.

---

नदीकाठ | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:००

सगळीकडे हेच आहे. मी जाहिरातीत नर-मादी लिहितच नाही. माणूस येतो, पिल्लू मांडीवर चढतं, मग सांगते मादी आहे आणि सहाव्या-सातव्या महिन्यात ऑपरेशन मी स्वतः सोबत येऊन करून देईन. निम्मे तरी घेऊन जातात.

नरासाठी आठ माणसं आहेत म्हणून पहिल्याला देऊ नका. घरी जाऊन बघा. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी विचारा. शेतावर राखणीला हवा म्हणणाऱ्याला विचारा, दिवसभर साखळीला का? आधीचं कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर माणूस कळतो. आठ आठवड्यांच्या आत कितीही आग्रह केला तरी नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ती भावंडांकडून शिकतात की किती जोरात चावलं की दुसरा किंचाळतो. तो धडा माणसाला शिकवता येत नाही.

---

ताम्हण | २६ जानेवारी, सकाळी ११:१०

अंगणताई, मी रविवारी बायको आणि मुलीला घेऊन वाईला येऊ का? आमच्या सोसायटीतल्या चार माद्यांची ऑपरेशन्स झाली, नदीकाठताईंनी सांगितला तसा अर्ज पोच घेऊन दिला होता. मुलीला कुत्र्यांची भीती बसू नये असं वाटतं. मादी चालेल. कुठली शांत आहे तेवढं सांगा.

---

अंगण_वाई | १६ फेब्रुवारी, रात्री ८:४५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

एक नर मेणवलीला, शेतावर, पण मोकळा. स्वतः जाऊन आले, त्यांचं आधीचं कुत्रं चौदा वर्षं जगलं. दुसरा साताऱ्याला निवृत्त शिक्षकांच्या घरी. एक मादी ताम्हण घेऊन गेले. त्यांची लेक आली तेव्हा बाबांच्या पायामागे होती. मी काही बोलले नाही, पिल्लाला अंगणात सोडून आत चहा करायला गेले. बाहेर आले तर दोघी पायरीवर बसलेल्या, पिल्लू तिच्या फ्रॉकची झालर चघळत होतं. दुसरी मादी माझ्या भावाने नेली, नदीकाठताईंच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन.

बारकी इथेच. सासूबाईंनी कोणाला दाखवलीच नाही. माणूस आला की तिला घेऊन माडीवर जायच्या. आजचं वजन पावणेसहा किलो.

भुरीचं दूध पूर्ण आटल्यावर ६ तारखेला ऑपरेशन झालं. ज्या डॉक्टरांनी रात्री सुई लावली, त्यांनीच केलं. ते म्हणाले, फाल्गुन-चैत्रात पुन्हा माजावर आली असती. वहीत आता एक रकाना तिचाही आहे: डिसेंबरात साडेअकरा, आज साडेचौदा. टाके उद्या काढायचे आहेत. बारकी सारखी ते चाटायला जाते म्हणून दोघींना आज रात्री वेगवेगळं झोपवलंय, आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी रडणं चालू आहे.